मातीचा किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्याला कातळ आणि चिरेबंदी बुरूज आठवतात. आज ज्या किल्ल्याबद्दल बोलणार आहे, तो निव्वळ मातीचा आहे.

इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठी नेवार्क हे गाव आहे. तिथल्या एका बागेत गवतानं झाकलेला मोठा उंचवटा दिसतो. नवख्या माणसाला ती साधी टेकडी वाटावी. वरून पाहिलं, की चार टोकांची चांदणी उमटते. हा 'क्वीन्स स्कॉन्स', आपल्या जुन्या भाषेत राणीचा दमदमा. विस्तार तीन एकरांच्या आसपास, भोवती सुमारे २० मीटर रुंद खंदक.

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. नेवार्क राजाच्या बाजूचं आणि दोन हमरस्त्यांच्या नाक्यावरचं. त्यामुळं त्याला तीनदा वेढा पडला. १६४४ चा दुसरा वेढा राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट यानं उठवला. त्यानंतर हा दमदमा रचला गेला.

माती कशासाठी? तोफेचा गोळा दगडावर आदळला की चिरे फुटतात, कपच्या उडून माणसं जायबंदी होतात. मातीत गोळा रुतून बसतो. ढासळलेला भाग फावडी घेऊन रातोरात पुन्हा रचता येतो. शिवाय गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रूला दडायला जागा मिळते. इथले बुरूज बाणाच्या टोकासारखे, त्यामुळं एकावरच्या तोफेला शेजारच्याचा पायथा स्वच्छ दिसे.

नेवार्क लढून पडलंच नाही. शेवटच्या वेढ्यात चांदीची भांडी कापून चौकटच्या आकाराची नाणी पाडली, गावात प्लेग शिरला, तरी लोक तगून राहिले. मे १६४६ मध्ये खुद्द राजाच जवळच्या स्कॉटिश फौजेच्या स्वाधीन झाला आणि त्यानंच गाव सोडायचा हुकूम धाडला. ज्यांनी त्याच्यासाठी एवढं सोसलं, त्यांना काय वाटलं असेल!

मग तटबंदी पाडायचा हुकूम आला. प्लेगमुळं ते काम अर्धवट राहिलं. गावातल्या दगडी किल्ल्याची मात्र नदीकडची भिंत आणि दरवाजा एवढंच मुख्यतः उरलं आहे. राणीच्या दमदम्याचा जोडीदार, राजाचा दमदमा, युद्धातून वाचला होता. एकोणिसाव्या शतकात गाव वाढलं आणि तो सपाट झाला.