ळ कुठं आहे?

महाबळेश्वर हे नाव लिहायचं तर ळ हवाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या कीबोर्डची नेमकी तीच कळ बसली.

आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. कपडे वाळत नाहीत, वहीची पानं एकमेकांना चिकटतात. साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली एकच रबरी चादर असते. एक कळ गेली की अख्खा कीबोर्ड टाकायचा. त्यातून इनस्क्रिप्टमध्ये ल आणि ळ एकाच कळीवर. म्हणजे गावाचं नाव तर गेलंच, शिवाय 'आला-गेला'ही गेला. ल नसेल तर मराठीत भूतकाळ कसा लिहायचा? आणि मी तेव्हा वडिलांवर कविता लिहीत होतो.

वडील बाजारात टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करून देत. गोदरेजनं 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, त्याच घराण्यातलं त्यांचं मराठी यंत्र. त्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट ठरवलं, त्यात जसं बोलतो तसं लिहायचं : आधी क, मग वेलांटी. कवीच्या कानाला हे सोयीचं.

मुलगी म्हणाली, "अब्बा, आता मेकॅनिकल घ्या." यात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. पुण्याच्या दुकानात तीन प्रकार दाबून पाहिले. निळा स्विच टकटक वाजतो, तपकिरी बोटाला हलका अडथळा देतो, लाल गुपचूप खाली जातो. निळ्यात मला वडिलांचं यंत्र ऐकू आलं. पण मी पहाटे लिहितो, तेव्हा घर झोपलेलं असतं. तपकिरी घेतला.

मग टोप्या, म्हणजे कळांवरची अक्षरं. त्या उपसून बदलता येतात. एबीएस प्लास्टिक वापरून गुळगुळीत होतं, पीबीटी जास्त टिकतं. घेताना खालचा अधिक चिन्हासारखा खाचा आपल्या स्विचवर बसतो का, आणि मांडणी इनस्क्रिप्टचीच आहे का, हे पाहावं. मला दाखवलेल्या देवनागरी संचात ळ होता, पण ऱ नव्हता. टोपीवर नसलं तरी अक्षर उमटतं, कारण ते संगणक ठरवतो. पण पन्नाशीनंतरच्या डोळ्यांना ते दिसावं लागतं. शिवाय ऱ वाचून आमच्या दऱ्या कशा लिहायच्या? र च्या टोपीवर मी ऱ ची छोटी चिठ्ठी चिकटवली.

यंदा एखादी कळ बसलीच, तर तेवढा स्विच बदलता येईल असाच कीबोर्ड घेतला आहे. घरी आणून जोडला आणि पहिलं वाक्य लिहिलं : पाऊस आला, वडील दुकान बंद करून घरी आले.

तिथून कविता पुढे गेली.