रस्ता ओलांडण्यापूर्वी



आज मी रस्ता ओलांडण्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्यात काय शिकायचे? आम्ही रोजच ओलांडतो." मीही असेच म्हणत असे.

एकदा मी दादरला भाजी घेऊन परत येत होतो. बरोबर नातू होता. चौकात वीस-पंचवीस माणसे उभी होती. समोरचा दिवा लाल होता. इतक्यात एक गडी पुढे निघाला. त्याच्यामागे दुसरा निघाला. मग सगळेच निघाले. मीही पाऊल टाकले. नातवाने माझा हात मागे ओढला. "आजोबा, लाल आहे!" तेवढ्यात एक टेम्पो माझ्या पिशवीला घासून गेला. भाजी रस्त्यावर सांडली. पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवले. त्या दिवशी एका पोराने मला धडा दिला.

तेव्हापासून मी चौकातली माणसे न्याहाळू लागलो. आपण गाडीकडे पाहतच नाही, पुढच्या माणसाकडे पाहतो. पुढच्याला वाटते, मागे इतके लोक आहेत, गाडीवाला थांबेल. मागच्याला वाटते, पुढच्याने पाहिले असेलच. पाहत मात्र कोणीच नाही!

गाडी जागच्या जागी थांबत नाही. तासाला ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती आपल्याला गाठते. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात ३२,८२५ पायी चालणारी माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली.

मग करावे काय? आधी कडेला थांबावे. पांढरे पट्टे असतील तेथूनच जावे. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून पहिली गाडी आपल्या उजवीकडून येते. आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. उभ्या बसच्या पुढून एकदम बाहेर येऊ नये. हिरवा दिवा लागला तरी वळणाऱ्या गाडीवर नजर ठेवावी. लहान मुलाचा हात घट्ट धरावा.

दिव्यावरचे चित्र वाचायला अक्षर लागत नाही. २०२० साली दादरच्या काही दिव्यांवर बाईचे चित्र आले. त्याचा अर्थ तोच. हिरवे असेल तर सर्वांनी जावे, लाल असेल तर सर्वांनी थांबावे.

पुढचा निघाला तर निघू द्या. कोणी हसले तर हसू द्या. आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे. घरी कोणीतरी आपली वाट पाहत असते.

नातू आता दर वेळी विचारतो, "आजोबा, पाहिलंत का?" मी पुन्हा एकदा पाहतो, आणि मगच "हो" म्हणतो.