मुलाचे ‘नको’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याकडे शहाणे मूल म्हणजे सांगितलेले मुकाट्याने करणारे मूल. त्यातून ते बुद्धीने मागे असेल, बोलत नसेल, तर त्याने अधिकच मुकाट असावे अशी आपली अपेक्षा. “फार गुणी हो, कोणालाच नाही म्हणत नाही,” असे कौतुकाने सांगतात. मला मात्र हे ऐकून धास्ती वाटते. असे मूल वाईट हेतूने आलेल्यालाही नाही म्हणणार नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात तेंदूपत्ता निघाला की बाया पहाटेच जंगलात जातात. मूल शेजाऱ्यांच्या ओट्यावर असते. कोणी त्याचा खाऊ हिसकावला, दुकानातून आणलेले उरलेले पैसे काढून घेतले, नको तिथे हात लावला, तर त्याने काय करावे? एक तर ते गप्प बसते, नाहीतर चावते. चावले की मार खाते. न भांडता, पण ठामपणे आपले म्हणणे सांगण्याची मधली वाट त्याला कोणी दाखवलेलीच नसते.

ही वाट स्वयंपाकघरातून निघते. आमच्या शेजारच्या मुलीला बोलता येत नाही. अंबाडीची भाजी पानात पडली की ती ताट भिरकावी. तिच्या आईने तिला तळवा पुढे धरायला शिकवले. भाजी दाखवायची, तिचा तळवा उचलून धरायचा आणि पळी तिथल्या तिथे मागे घ्यायची. पळी मागे घेणे हेच खरे शिक्षण! “असू दे, घासभर खा,” म्हणून वाढलेच, तर हात वर करून काही उपयोग नाही, एवढेच ती शिकणार. या एका खुणेला दोन-अडीच महिने लागले. मग ‘थांबा’ आणि ‘मदत करा’ या खुणा आल्या. आता वेणी ओढून घातली तर ती आजीलाही तळवा दाखवते. आजीला राग येतो. येऊ द्या.

औषधाला नको म्हटले तर? औषध द्यायचेच, पण आधी सांगून, आणि ते वाटीने घ्यायचे की चमच्याने, एवढे तिला ठरवू द्यायचे.

घरी गोंडी किंवा माडिया बोलत असाल, तर ‘नको’ हा शब्द घरच्याच बोलीत आधी शिकवा. घाबरल्यावर तोंडात तीच येते.

खाणाखुणांना कोण विचारतो, असे म्हणू नका. वरोड्याजवळ आनंदवनात मूकबधिर मुलांची शाळा आहे. खुणांनी शिकणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. त्याहून मोलाचा मला २०१२ चा, मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा वाटतो. मूल दिव्यांग असेल, तर जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत जाणणाऱ्या माणसाची मदत घेण्याची त्यात सोय आहे. घरात शिकवलेली खूण कोर्टातही वाचली जाऊ शकते. संकटात १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा.

शेजारणीने तीन खुणा पुठ्ठ्यावर काढून एक प्रत शाळेतल्या बाईंना दिली, एक किराणा दुकानात. दुकानदार आता उरलेले पैसे मुलीच्या हातावर मोजून ठेवतो, आणि कमी पडले तर ती तळवा वर करून तिथेच उभी राहते.