जुनी नेलगन अडते तेव्हा

सेकंडहँड घेतलेली बॅटरीवरची नेलगन कधी खिळा पुरता बसवते, तर कधी अर्धाच सोडते. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घ्या. 18 व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सहसा 5 सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी थकला, तरी ठोक्याच्या क्षणी लागणारा जोर मिळत नाही. चार्जरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. त्याच जातीची चांगली बॅटरी मागून आणा आणि लावून पाहा. बऱ्याच तक्रारींचा उलगडा तिथेच होऊ शकतो.

तरीही फरक पडला नाही, तर आता बॅटरी काढा. होय, नेलगनच्या तोंडाशी बोट नेण्याआधीच, आणि खिळ्यांची पट्टीसुद्धा. लाकडावर दाबले जाणारे सेफ्टीचे टोक सहज मागेपुढे होते का? भुसा अडकला असेल तर ब्रशने झाडा. अडकलेला वाकडा खिळा पकडीने काढा. खिळा ठोकणाऱ्या पात्याचे टोक झिजले असेल, तर ते बदलावेच लागते. पट्टीत थोडेच खिळे उरले की काही नेलगन मुद्दाम थांबतात. तो बिघाड नव्हे. हवेवरच्या नेलगनसारखे तेल मात्र, माहितीपुस्तिकेत सांगितल्याशिवाय, बॅटरीवरच्या नेलगनमध्ये घालू नका. आणि सेफ्टीचे टोक न दाबताच खिळा सुटत असेल, तर ती नेलगन दुरुस्त होईपर्यंत कुणाच्याही हाती देऊ नका.