दहांतला एक

यहुदी धर्मांत सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. मुंबईस ते जमतात. परंतु साताऱ्यास वा सांगलीस नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या बेने इस्राएल कुटुंबानें ते कोठून आणावे? प्रार्थना थांबते आणि तिच्याबरोबर मुलांचें धर्मशिक्षणही खुंटतें.

असा प्रसंग या समाजावर पूर्वीही आला होता. कोंकणांत तेलाचा धंदा करणाऱ्या या विखुरलेल्या लोकांजवळ ग्रंथ नव्हते. तरी शनिवारीं घाणा बंद असे आणि ‘शमा’ मुखोद्गत असे. पुढें १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकरांनीं मुंबईस पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें, कोचीनहून शिक्षक आले, आणि १८४६ सालीं वल्हांडणाचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबें इस्राएलास गेलीं. उरलेल्यांस २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें अल्पसंख्याक दर्जा दिला. पण दर्जानें मुलास प्रार्थना येत नाहीं. शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं घरांत दिवा लागावा, आईनें मुलाकडून शमा म्हणवून घ्यावी, सणास दोन्ही गांवच्या मंडळींनीं एका घरीं जमावें किंवा पुण्याचें लाल देऊळ गांठावें. आज शिकलेलें मूलच उद्यां त्या दहांतला एक होईल.