भेगाळलेली टाच



आपल्या वऱ्हाडची जमीन काळी. उन्हाळ्यात अकोल्याला पारा ४५ अंशांवर जातो. मग वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल गेली, की माती आकसते आणि फाटते. आपल्या टाचेचेही तसेच आहे.

कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. या पेशी म्हणजे बारीक विटाच समजा. विटांच्या मध्ये चरबीचे लिंपण असते. ते आतले पाणी राखते. ऊन, कोरडी हवा, कडक साबण यांनी लिंपण झिजते. पाणी उडते. कातडी ताठ होते. तिच्यावर अंगाचा भार पडला, की ती तडकते.

मग करावे काय? पुष्कळ जण सुक्या टाचेला तेल चोळतात. पण तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. म्हणून आधी पाय साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावा. मऊ झालेली जाड कातडी दगडाने हलकेच घासावी. ब्लेड लावू नये. पाय थोडा ओला असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये.

बाजारातल्या मलमाच्या डबीवर ‘सीटिल अल्कोहोल’ असे छापलेले असते. काही जणांना वाटते, यात दारू आहे. तसे नाही. अल्कोहोल हे रसायनांच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. दारूतले अल्कोहोल पातळ. ते उडून जाते आणि कातडी सुकवते. सीटिल अल्कोहोल मेणासारखे पांढरे, घट्ट. ते कातडीच्या खपल्यांमधल्या फटी भरते. पिठाला मोहन घातले, की पोळी मऊ होते ना? तसाच हा प्रकार. शिवाय मलमातले तेल आणि पाणी वेगळे होऊ नये, म्हणूनही ते घालतात. शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी ते देवमाशाच्या मेणातून काढले. आता ते नारळाच्या आणि पामच्या तेलापासूनही करतात. मलम चांगले, पण पैसे नसतील तर घरच्या तेलानेही काम भागते.

आता मोठी गोष्ट ऐका. अमरावतीला तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तेथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. कुष्ठरोगात नसा बिघडतात. घाम येत नाही, कातडी सुकते. पाय बधिर होतो. भेग पडली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. भेगेची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते, आणि शेवटी पाय जातो. मधुमेहातही असेच घडते.

कुष्ठरोग औषधाने बरा होतो. सहा किंवा बारा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. अशा माणसाने रोज पाय भिजवावा, तेल लावावे. पाणी गरम नाही ना, ते घरच्या दुसऱ्या माणसाने हात घालून पाहावे. नाहीतर पाय पोळला तरी कळायचे नाही.

तेव्हा आपण रोज रात्री एवढे करू. दिव्यापाशी बसू, तळवा वळवून पाहू. स्वतःला दिसत नसेल तर मुलाला पाहायला सांगू. भेगेतून रक्त किंवा पू आला, तर घरी उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि घरात कुणाचा पाय बधिर असेल, तर त्याला दूर बसवू नका. त्याच्या टाचेला तेल लावा.