पुडीवर नाव हवे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी शिकलेली जेमतेम सातवी. हळदीकुंकवाला पानसुपारी वाटण्यापलीकडे मंडळात माझे काम नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले ते सांगा," म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

माझ्या थोरल्या मुलीची पाळी तीन तीन महिने येत नसे. हनुवटीवर केस, तोंडावर पुटकुळ्या, वजन सारखे वाढते. डॉक्टरीणबाईंनी तपासून पीसीओएस आहे असे सांगितले. या विकारात बीज वेळेवर पक्व होऊन सुटत नाही, अंगात पुरुषी संप्रेरके वाढतात, पुढे मधुमेहाची भीती असते. शंभर बायकांत साधारण आठ ते तेरा जणींना तो असतो. म्हणजे या मांडवातही असतील. मी घाबरले ती मुलीच्या लग्नाच्या काळजीने. गोळ्या कपाटात ठेवल्या आणि ओळखीच्या एका बाईने आणून दिलेली 'चिनी मुळ्यांची पूड' गुपचूप दुधातून देऊ लागले. पुडीवर ना नाव, ना गाव. दीड महिन्याने पोरीचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरचे आणखी काही देता का?" मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी मुलीनेच दुधाची चव वेगळी लागत असल्याचे सांगितले, तेव्हा मला कबूल करावे लागले. पूड बंद केली आणि हळूहळू कावीळ उतरली. पण ते 'नाही' मला अजून टोचते.

पुढे धाकटीने मला चीनकडची माहिती वाचून दाखवली. तैवानात १९९५ साली सरकारी आरोग्य विमा सुरू झाला. त्यात चिनी वैद्याच्या औषधांचाही खर्च मिळतो. तेथील कितीतरी बायका या विकारावर ही औषधे घेतात. वैद्य नाडी व जीभ पाहून औषध देतो. 'जिया-वेई-शियाओ-याओ-सान' नावाचे दहा वनस्पतींचे मिश्रण तेथे फार चालते. त्यातले मूळ आठ वनस्पतींचे औषध सुंग राजवटीच्या काळातले. त्यात ज्येष्ठमध, आले, पुदिना आहे हे ऐकून मला हसू आले. हे तर आपल्याच फडताळातले!

पण चीनमधल्या डॉक्टरांनी जुन्या औषधांची परीक्षाही घेतली आहे. 'हुआंगल्येन' या कडू मुळीत बर्बेरिन नावाचे द्रव्य असते. आपल्या दारुहळदीतही ते आहे. मूल हवे असलेल्या, हा विकार असलेल्या ६४४ बायकांवर केलेली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. नुसते बर्बेरिन घेणाऱ्या शंभरातल्या २२ जणींना मूल झाले, लेट्रोझोल ही डॉक्टरी गोळी घेणाऱ्या ३६ जणींना, आणि दोन्ही घेणाऱ्या ३४ जणींना. म्हणजे गोळीला मुळीची जोड देऊन फायदा वाढला नाही.

आणि नाव चुकले तर काय होते तेही ऐका. १९९० नंतरच्या दोनतीन वर्षांत बेल्जियममध्ये ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी गेली. शंभराहून अधिक बायकांचे मूत्रपिंड बिघडले. वजन उतरवायची घाई आपल्या मुलींनाही असते, म्हणून सांगते.

मुळ्या वाईट असे मी म्हणत नाही. माझी आजी काढ्यावरच मोठी झाली. पण वैद्य शिकलेला असावा, पुडीवर नाव असावे, आणि डॉक्टरांनी विचारले तर घरचे सगळे खरे सांगावे. माझी मुलगी आता रोज चालते, जेवण सांभाळते, गोळ्या वेळेवर घेते. पाळी बरीच नियमित झाली आहे. लग्नाचे तिचे तिने ठरवावे, एवढे शहाणपण मलाही आले आहे.